कॅरॅव्हॅन उभी कुठे करायची? केरी ते गालजीबाग, सहा रात्री

समुद्राकडे तोंड करून पुळणीवर उभी गाडी, मागचं दार उघडं, हातात चहा. कॅरॅव्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, म्हटली की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. गोव्यात ते पहिल्या दिवशीच पुसून टाकावं लागतं. पुळणीवर गाडी घालायला इथे बंदी आहे. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ साली केलेल्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. उघड्यावर रांधणं, दारू पिणं, बाटल्या फोडणं यांना एकट्याला २,००० आणि घोळक्याला १०,००० रुपये दंड आला, आणि त्यानंतर आकडे वाढतच गेले. किनाऱ्यालगतची पार्किंगची मैदानंही दिवसापुरती. रात्री अकराला तिथे पडदे ओढून झोपलात तर कुणीतरी काचेवर टकटक करणार, आणि त्याचं काही चुकत नाही.

म्हणून ही सहल गाडी चालवण्याची कमी आणि उभी करण्याची जास्त. १० ते १६ फेब्रुवारी २०२५ या सहा रात्रींत आम्ही दोघांनी गोव्याच्या उत्तर टोकाच्या केरीपासून दक्षिणेतल्या गालजीबागपर्यंत जेमतेम ३२० किलोमीटर कापले. त्याआधी उभं राहायच्या जागा ठरवायला पाच आठवडे लागले. आम्ही फोंड्याचे, गाव ओळखीचं, भाषा ओळखीची, तरीही.

आधीची तयारी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौकशी सुरू केली. पहिली गोष्ट बघायची ती नंबरप्लेट. भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, चालकासह भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. अशा गाड्या स्वस्तात देणारे भेटतात, पण अपघात झाला तर खाजगी विम्यावर भाड्याच्या गाडीची भरपाई मिळत नाही आणि नाक्यावर अडवलं तर गाडी जागेवरच राहते. आम्हाला पहिल्या तीन फोनांत दोन पांढऱ्या पाट्याच मिळाल्या.

लायसन्सची शंका सगळ्यांनाच असते. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर हलक्या मोटारीचं लायसन्स पुरतं, मग गाडी व्यावसायिक असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या मधल्या आकाराच्या कॅरॅव्हॅन या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. आमची गाडी लांबीला सहा मीटरला थोडी कमी, आणि छतावरचा एसी धरून उंचीला २.९ मीटर. हा २.९ आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. गोव्यातल्या गावरस्त्यावर लांबीपेक्षा उंची जास्त अडवते.

तारखा निवडताना नाताळ ते नवं वर्ष आणि कार्निव्हल सोडून दिले. २०२५ चा कार्निव्हल १ ते ४ मार्च होता. फेब्रुवारीचा मध्य हवेलाही बरा: दुपारी एकतीस-बत्तीस अंश, पहाटे वीस-एकवीस. एप्रिलमध्ये पत्र्याच्या गाडीत झोपायचं नाव काढू नये. भाडं दिवसाला ९,०००, डिपॉझिट २५,०००. अर्धे पैसे २० डिसेंबरला भरले.

मग जागा. इथे कॅरॅव्हॅन पार्क शोधण्यापेक्षा कुणाचं तरी आवार शोधावं. छोटी गेस्टहाऊस, घरात खोल्या देणारे लोक, भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, एखादी झोपडीवजा कॉटेज बांधलेले. आम्ही सतराजणांना फोन केले. ‘कॅरॅव्हॅन’ म्हटलं की समोरच्याला ट्रक वाटतो, म्हणून नकार येतो. गाडीशेजारी माणूस उभा असलेला फोटो आधी पाठवला तर बोलणं पुढे सरकतं. पाच ठिकाणी होकार मिळाले. दर रात्रीला ७०० ते १,२००, त्यात वीज, पाणी आणि एक संडास वापरायला. चार प्रश्न फोनवरच विचारायचे: फाटकाची रुंदी किती, १५ ॲम्पिअरचा प्लग गाडीपासून किती लांब, संडास सेप्टिक टँकला जोडलेला आहे का, आणि आवारात माड कुठे कुठे आहेत.

फोनवरच्या उत्तरांवर मात्र विसंबू नका. ‘मोठी गाडी येते की, आमचा मेव्हणा टेम्पो आणतो’ हे आम्ही तीनदा ऐकलं. एका रविवारी स्कूटरवरून पाचही जागा बघून आलो. सोबत तीन मीटरचा पीव्हीसी पाइप, दोन तुकड्यांत, मध्ये जोड. फांदीखाली उभा धरला की गाडी जाईल की नाही ते लगेच कळतं. विजेच्या तारांना तो लावायचा नाही, लांब उभा धरून नजरेने उंची ताडायची. मांद्र्यातल्या एका वाटेवर फणसाची फांदी पावणेतीन मीटरवर होती. मालकांनी ती छाटू म्हटलं, पण आम्ही दुसरं फाटक निवडलं. पाहायची दुसरी गोष्ट म्हणजे वाटेवरच्या गटारावरची फरशी. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) किंवा पातळ सिमेंटच्या लाद्या मोटारीचं वजन पेलतात, पण मागच्या एकेका चाकावर टनभर भार आला की मधोमध तुटतात. फरशीच्या कडेला खाली हात घालून जाडी बघा. चार बोटांपेक्षा कमी असेल तर वर फळी टाकल्याशिवाय जाऊ नका.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडी फोंड्यात दुपारी बाराला ताब्यात मिळाली. ताबा घ्यायला दीड तास लागला आणि तो लागू द्यावा. प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ, टायरवरचं उत्पादनाचं वर्ष, स्टेपनी, जॅक, आग विझवायच्या नळकांड्याची तारीख. नळ सोडून पंप चालतो का, आणि नळ बंद केल्यावर थांबतो का. थांबला नाही तर कुठेतरी गळती आहे. गॅसची पाच किलोची टाकी उभी आणि पट्ट्याने बांधलेली हवी, आणि तिच्या कप्प्याच्या तळाला भोक हवंच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साठतो. आमच्या गाडीत त्या भोकावर कुणीतरी झुरळं येतात म्हणून टेप मारली होती. ती काढून बारीक जाळी बसवून घेतली.

पाण्याची टाकी शंभर लिटरची. निघताना पाव भागच भरली. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, ते चढावर ओढत न्यायचं कशाला? पाणी मुक्कामावर मिळणार होतं.

पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू होतं, वळवलेल्या वाहतुकीत नव्या गाडीवर हात बसवणं नको म्हणून आतल्या रस्त्याने गेलो: माशेल, आमोणा, डिचोली, अस्नोडा, कोलवाळ, मग हमरस्त्याने पेडणे आणि पुढे कोरगाव-पालये करत केरी. सत्तर किलोमीटरला पावणेतीन तास. पहिल्या दिवशी एवढंच ठेवा. मागचा भाग चाकांच्या मागे बराच बाहेर असतो, त्यामुळे डावीकडे वळताना शेपूट उजवीकडे फेकली जाते. चिऱ्याच्या कुंपणांमधल्या वळणावर ते सवयीचं व्हायला दिवस जातो.

केरीच्या आवारात शिरताना घरातल्या काकी पडवीतून ओरडल्या, ‘माडापोंदा दवरूं नाका रे!’ (माडाखाली लावू नका.) जागा आधी ठरली होती तरी संध्याकाळच्या सावलीच्या मोहाने आम्ही माडाकडे वळत होतो. पिकलेला नारळ दीड-दोन किलोचा असतो आणि तो दहा-बारा मीटरवरून येतो. छतावरचं सोलर पॅनल, एसीचं झाकण, पुढची काच, काहीही वाचत नाही. माडाच्या वाळलेल्या झावळ्याही तशाच. नारळ काढणारा पाडेली नुकताच येऊन गेला असला तरी माडाच्या घेराबाहेर दोन-तीन मीटर सोडून उभं राहायचं. आंबा चालतो, पण त्यावर हुमल्यांची घरटी आहेत का बघा. हे तांबडे मुंगळे सावलीच्या कापडाच्या दोरीवरून, विजेच्या केबलवरून गाडीत उतरतात. दोरी आणि केबल जिथे गाडीला टेकतात तिथे लक्ष्मणरेखा खडूचा जाड पट्टा मारला की थांबतात, रोज संध्याकाळी पुन्हा मारावा लागतो.

गाडी सपाट करायला फळ्या आणल्या होत्या. त्यापेक्षा चिरा बरा. कोकण-गोव्यात आवारात चार चिरे पडलेले असतातच. चाकामागे आडवा लावला की गाडी हलत नाही, फळीसारखा घसरत नाही. पाण्याची बाटली आडवी ठेवून उतार बघायचा. पूर्ण सपाट जमलं नाही तर डोक्याची बाजू वर ठेवा, आणि न्हाणीचं पाणी ज्या बाजूला वाहतं ती बाजू किंचित खाली.

पहिल्या रात्री अकरापर्यंत झोप लागली नाही, कारण वारा पडला होता. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात. सूर्य गेल्यावर ते मंदावतात आणि जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे सुरू व्हायला मध्यरात्र होते. मधले तीन-चार तास चिकचिक. आम्ही समुद्राकडची मोठी खिडकी उघडी ठेवून वाऱ्याची वाट बघत होतो, आणि साडेबाराला वारा आला तो बंद खिडकीच्या बाजूने. दुसऱ्या दिवसापासून गाडी पूर्व-पश्चिम खिडक्या समोरासमोर येतील अशी उभी केली. संध्याकाळी पश्चिमेची पूर्ण उघडायची, झोपताना पूर्वेची. एवढ्याने एसी तीन रात्री लागलाच नाही.

११ फेब्रुवारी, केरी

सकाळी साडेसहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा. गाडीतून उतरून फाटकापर्यंत गेलं की नाश्ता झाला.

दिवसभर गाडी हलवली नाही. ४०० रुपये रोजाने स्कूटर घेतली, तीही काळ्या पाटीचीच. हरमलचे आतले रस्ते कॅरॅव्हॅनचे नाहीतच. एकदा आत गेलं की उलटं फिरायला जागा नाही. केरी ते तेरेखोल फेरीबोट आहे, पण तिथेही गाडी नेली नाही. ओहोटीला बोटीची फळी आणि उतरंड यांच्यात तीव्र कोन होतो आणि लांब शेपटीच्या गाडीचा मागचा बंपर किंवा सांडपाण्याच्या टाकीचा नळ घासतो. पायी गेलो. समोरचा किल्ला आता हॉटेल आहे, पण १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिरंगा लावला तो इथेच, म्हणून एक फेरी तरी व्हावी.

केरीच्या पुळणीवरची सुरूची झाडं मुळासकट आडवी पडलेली दिसतात. समुद्र जमीन खातोय. सुरूच्या बनाच्या कडेला गाडी लावायचा मोह अशा वेळी आवरावा. वरून घट्ट दिसणारी वाळू आतून पोखरलेली असते.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट. त्रयोदशीला तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्री. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. सहा तास पुढे-मागे धरले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचची खोल ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताला पुळण रुंद. चालायला याहून चांगली वेळ नाही. आमची सहल पौर्णिमेभोवती पडली हा योगायोग. पुढच्या वेळी पंचांग बघूनच तारीख काढू.

१२ फेब्रुवारी, मांद्रे

पंधरा किलोमीटर, पाऊण तास. निघण्याआधी संडासाचं काम. याबद्दल कुणी नीट लिहीत नाही, म्हणून लिहितो.

कॅरॅव्हॅनमधला संडास म्हणजे खाली ओढून काढता येणारी अठरा लिटरची टाकी. दोन माणसांना दोन दिवस, फार तर अडीच. भरल्याचा लाल दिवा लागायची वाट बघू नका, पाऊण भरली की रिकामी करा. पूर्ण भरलेली टाकी उचलताना झाकणाच्या रबरातून थेंब येतोच. ती घराच्या संडासात, सेप्टिक टँकला जोडलेल्याच, हळूहळू ओतायची. तोटी खाली करून मागचं हवेचं बटण दाबून धरलं तर गुडगुड होऊन अंगावर उडत नाही. मग अर्धी बादली पाणी घालून खळखळवून पुन्हा तिथेच. टाकीत घालायचं औषध एन्झाइमचं घ्या. निळं, फॉर्मल्डिहाइडचं औषध वासाला चांगलं असतं, पण सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, आणि ज्याने आवार दिलं त्याचीच टाकी तुंबवू शकतं. शेतात, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत), नदीत काही सोडायचं नाही हे सांगायला नको.

सांडपाण्याचं वेगळं. न्हाणीचं पाणी माडाला सोडणं ही आपल्याकडची जुनीच रीत, त्यामुळे सगळ्या मालकांनी आपणहून माड दाखवला. साबण साधा वापरायचा आणि भांड्यांचं खरकटं आधी गाळणीत काढायचं, नाहीतर टाकीला तिसऱ्या दिवशी सडका वास येतो. आला तर लिंबू-बिंबू पिळत बसू नका. दहा लिटर पाण्यात मूठभर खायचा सोडा घालून टाकीत ओता, तासभर गाडी चालवा आणि रिकामी करा.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटी वनखातं जाळी लावून राखतं. पिल्लं वाळूतून निघाली की सर्वांत उजळ दिशेकडे धावतात. अंधाऱ्या रात्री ती दिशा समुद्राची असते, गाडीचा बाहेरचा एलईडी पेटला की आपली. मांद्र्याच्या मालकांनी सांगायच्या आधीच आम्ही बाहेरचे दिवे फ्यूज काढून बंद केले. बटणावर भरवसा नव्हता, दार उघडलं की पायरीचा दिवा आपोआप लागायचा. त्या रात्री पौर्णिमा, दिव्याची गरजच पडली नाही.

१३ फेब्रुवारी, दक्षिणेकडे

सर्वांत लांबचा दिवस, ऐंशी किलोमीटर. चोपडे-शिवोली पूल, म्हापसा, हमरस्ता, मांडवीवरचा अटल सेतू, जुवारीवरचा नवा पूल, वेर्णा, वार्का. बागा-कळंगुट पट्टा सरळ सोडून दिला. तिथे मोटारीला जागा मिळत नाही. म्हापशाचा बाजार गाडी बाहेर ठेवून, रिक्षाने. नऊच्या आत पर्वरी ओलांडायची म्हणून सातला निघालो, तरी अर्धा तास गेला. पुलांवर उंच गाडीला आडवा वारा लागतो. दुपारनंतर जास्त, म्हणून सकाळ बरी. निघण्यापूर्वी प्रत्येक ड्रॉवरचं कुलूप आणि छताची झडप बंद, ही दोन कामं दोघांनी एकेकदा तपासायची. आमची छताची झडप एकदा उघडी राहिली ती सुदैवाने गावातच कळली.

वार्क्याला संध्याकाळी केबल जोडली, अनवाणी उतरलो, आणि दाराच्या मुठीला हात लावताच बोटांना झिणझिण्या. मुंग्या आल्यासारखं, फार नाही. याकडे दुर्लक्ष करू नका.

कारण असं. गाडीतल्या बॅटरी चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह गाडीच्या पत्र्यावर येतो आणि एरवी अर्थिंगच्या वायरने निघून जातो. भिंतीवरच्या प्लगला तिसरं भोक होतं, पण मागे वायरच जोडलेली नव्हती. गाडी रबरी टायरांवर उभी, म्हणजे पत्रा अधांतरी. ओल्या जांभ्यावर अनवाणी उभ्या माणसाने पत्र्याला हात लावला की वाट पूर्ण होते. प्रवाह इतका कमी असतो की तीस मिलिॲम्पिअरला पडणारा सुरक्षा स्विच पडत नाही. पण त्याच वेळी आत एखादा खरा बिघाड झाला, तर मधला आधारच नाही.

आम्ही केबल काढून रात्र बॅटरीवर काढली. सकाळी मालकांनी गावातला वायरमन बोलावला. अर्थिंगचा खड्डा घरामागे होता, कोरडा ठणठणीत. त्याने वायर जोडली, खड्ड्यात मीठ-कोळसा घालून दोन बादल्या पाणी ओतलं, आणि झिणझिण्या गेल्या. तीन पिनांचा सॉकेट टेस्टर बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो. तीन दिव्यांवरून अर्थिंग आहे की नाही, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का ते सांगतो. केबल जोडायच्या आधी तो लावायचा. आमच्याकडे होता, बॅगेत. पहिल्या दोन ठिकाणी लावला होता, तिसऱ्या ठिकाणी कंटाळा केला.

विजेचा एकंदर हिशोब इथेच देतो. दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, म्हणजे अडीच युनिट. फ्रिज दिवसाला अर्धं युनिट, दोन पंखे रात्रभर पाव युनिट, पंप, दिवे आणि फोन मिळून पाव. एका युनिटात दिवस जातो, म्हणजे वायर न जोडता दोन दिवस निघतात. एसी लावला तर तीच बॅटरी दोन तासांत खाली. सोलर पॅनलवर फार आशा ठेवू नका. ऊन हवं तर गाडी तापते, सावली हवी तर पॅनल उपाशी. आम्ही सावली निवडली. घरचा प्लग १५ ॲम्पिअरचा असला तरी मागची वायर बारीक असू शकते, म्हणून एसी, गीझर आणि इंडक्शन यांतलं एका वेळी एकच. केबल अडीच चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, वीस-पंचवीस मीटर. रिळावर गुंडाळलेली ठेवून एसी लावला तर आतली वेटोळी तापून वितळतात. पूर्ण उलगडायची, मग अंगणात कितीही पसरो.

पाणी: समुद्राजवळच्या विहिरीचं आधी चमचाभर चाखून बघा. मचूळ असेल तर टाकीत नको, पंपाच्या जाळीत आणि गीझरमध्ये क्षार बसतात. पिण्याचं वेगळं वीस लिटरच्या जारमध्ये. दोघांना आंघोळी-भांड्यांसकट दिवसाला पन्नास लिटर पुरले.

१४ आणि १५ फेब्रुवारी

वार्का ते आगोंद दोन वाटा. एक हमरस्त्याने कुंकळ्ळी, बाळ्ळी आणि करमळ घाट. दुसरी असोळणा, बेतुल, काब द राम, खोला. दुसरीने गेलो. रस्ता सुंदर आहे आणि त्याच्याकडे बघायला चालकाला वेळ नाही. उतार तीव्र, वळणं आंधळी, समोरून बस आली तर कुणीतरी मागे जायचं. ज्या गियरमध्ये चढ चढाल त्याच गियरमध्ये उतरा. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर अर्ध्या उतारावर ब्रेक तापून पेडल मऊ पडतं. आम्हाला खोल्याच्या अलीकडे जळका वास आला. सपाट जागा बघून थांबलो, हँडब्रेक न लावता चाकाला चिरा लावला, कारण तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळला की चिकटतो. वीस मिनिटं. चाकांवर पाणी ओतायचं नाही. टाकी त्या दिवशी पूर्ण भरलेली होती, ती चूक आमची.

शुक्रवार, त्यात १४ फेब्रुवारी, म्हणून पाळोळे टाळून आगोंदला राहिलो. गर्दी तिथेही होतीच. शनिवारी गालजीबागला, नदी आणि समुद्र यांच्यामधल्या सुरूच्या पट्ट्याआड, एका शेतकऱ्याच्या अंगणात. रात्रीचे ७०० आणि सहाही रात्रींतली सर्वांत चांगली झोप. संध्याकाळी घरच्या बायने शीत-कडी (भात आणि नारळाची आमटी) आणि तळलेले बांगडे आणून दिले, आम्ही काही शिजवलं नाही.

गाडीत वाळू न येऊ देणं हे रोजचं काम. पायरीशी पाण्याचं टब, मग काथ्याचं पायपुसणं, मग आत. सरकत्या दाराच्या खाचेत वाळू गेली की दार जोर लावूनही लागत नाही. खाचेला तेल घालू नका, वाळू त्यात अडकून खडबडीत लेप होतो. रंगाऱ्याच्या कोरड्या ब्रशने झाडा. आमची मच्छरदाणीची सरकती जाळी मात्र अशीच वाळू अडकलेली असताना ओढली आणि कोपऱ्यात फाटली.

१६ फेब्रुवारी, परत

रविवारी सहाला निघालो. करमळ घाटात वळणांवर मालवाहू गाड्या दोन्ही बाजू व्यापतात, म्हणून तो उजाडताच ओलांडावा. साडेआठला मडगाव, बोरीच्या पुलावरून सव्वानऊला फोंडा. देण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घेतली, ८०० रुपये. समुद्राकाठची सहा दिवसांची खारी हवा ब्रेकच्या नळ्यांवर आणि बॅटरीच्या टोकांवर बसलेली असते. भाड्याच्या गाडीला कोण धुतो असं वाटेल, पण गंजाचा डाग कुणाच्या दिवसांतला यावरून वाद होऊ शकतो.

खर्च असा: भाडं ५४,०००, सहा रात्रींच्या जागा ५,५००, डिझेल ३,३५०, स्कूटर तीन दिवस १,२००, खाणंपिणं ७,४००, धुलाई ८००, फाटलेल्या जाळीचे २,२००. एकूण ७४,४५०. एवढ्यात दोघांना सहा रात्री चांगलं हॉटेल आणि टॅक्सी मिळते, तेव्हा पैसे वाचतील म्हणून हे करू नये. चौघं असाल तर हिशोब जरा जमतो, पण मग संडासाची टाकी रोज.

डिपॉझिटमधून जाळीचे वजा करून २२,८०० रुपये २४ फेब्रुवारीला खात्यात आले. सॉकेट टेस्टर वार्क्याच्या घरी विसरला होता. मालकांना विचारलं तर म्हणाले राहू दे, आता सगळ्या खोल्यांचे प्लग तपासतोय.